खाजण, १:३५: एका डायोरामा-बेसच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

दोन वर्षं कपाटात एक अर्धवट होडी पडून आहे. बाल्साच्या पट्ट्यांची, १:३५ प्रमाणातली, लांबी १४ सेंटीमीटर, म्हणजे खरी धरली तर जेमतेम पाच मीटर. तिला टेकायला जमीन नव्हती म्हणून ती पुरी झाली नाही. या वेळी क्रम उलटा ठेवते. आधी जमीन, म्हणजे डायोरामाचा (छोट्या मापातल्या देखाव्याचा) बेस, मग होडी.

जागा ठरली आहे: ठाणे खाडीचा पूर्व काठ, ऐरोलीचा, साधारण १९६५ सालचा. नवी मुंबई वसवणारी सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली. त्याच्या आधीची ही गोष्ट, बाबा बारा वर्षांचे होते तेव्हाची. मातीचा बांध, बांधाच्या आत खारभाताची शेतं, बाहेर खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याची दलदल), तिवरं (खारफुटीची झाडं) आणि चिखल. मला बांधाचा फक्त खाडीकडचा उतार करायचा आहे. बेस ३५ बाय २५ सेंटीमीटर, म्हणजे सव्वाबारा मीटर बाय पावणेनऊ मीटरचा तुकडा. बांधाच्या माथ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत उतार ६ सेंटीमीटर, खऱ्या मापात २ मीटर १० सेंटीमीटर.

आधीच्या दोन्ही बेसवर माझी चूक एकच होती. मी रंग आधी ठरवला. ‘चिखलाचा रंग’ म्हणून एक तपकिरी घोटला, सगळीकडे फासला आणि वर फिकट ड्रायब्रश मारला, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर रंग घासला. फोटोत बरं दिसलं, पण बाबांनी ते हातात घेऊन विचारलं होतं, “हा कुठला चिखल?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या वेळी बोटभर जागेलासुद्धा एकच प्रश्न विचारायचा: इथं पाणी किती वेळा येतं आणि आलं की किती वेळ थांबतं?

रविवार, १२ जानेवारी

आज चतुर्दशी. बाबांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौदाची पाऊणपट साडेदहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, आणि खाडीत इतक्या आत पाणी उतरायला अजून थोडा वेळ. संध्याकाळी पाच वाजता कोळीवाड्याच्या जेट्टीवर पोचले तेव्हा चिखल दूरवर उघडा पडला होता आणि फ्लेमिंगो पार आत, पाण्याच्या कडेला होते.

घरून पोस्टकार्डाच्या कागदावर बारा पट्ट्या रंगवून नेल्या होत्या, रॉ अंबर (मातकट तपकिरी), पेन्स ग्रे (निळसर करडा), पिवडी (पिवळी माती) आणि पांढरा यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांच्या. त्या एकेक करून चिखलाशेजारी धरल्या. मोबाइलच्या फोटोवर मी रंग ठरवत नाही. संध्याकाळच्या उन्हात कॅमेरा सगळंच सोनेरी करून टाकतो. पट्टी आणि चिखल मात्र एकाच उजेडात असतात.

जे दिसलं ते पाण्याच्या क्रमानंच लिहून ठेवते.

सगळ्यात वर, जिथं फक्त पाऊस लागतो, तिथं लालसर मुरूम आणि वाळकं गवत. त्याखाली उधाणाच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या, भरतीची रेघ. आज ही रेघ प्लास्टिकनं आखून दिलेली आहे, पिशव्या, बाटल्या, थर्माकोलचे गोळे, निर्माल्याची फुलं. १९६५ मध्ये तिथं पेंढा, नारळाची सोडणं आणि तिवराची पिवळी पानं असणार. वस्तू बदलल्या तरी रेघेची उंची तीच. त्या रेघेच्या खालच्या पट्ट्यात पाणी महिन्यातून थोडेच दिवस येतं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. एरवी तो पट्टा ऊन खातो. म्हणून तिथला चिखल फिकट राखाडी, भेगाळलेला, आणि भेगांच्या कडांना मिठाची पांढरी किनार.

त्याहून खाली भांगाच्या दिवसांतली, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान, भरतीसुद्धा पोचते. तिथं भेग एकही नाही. चिखल गुळगुळीत, अंगावर बारीक ओघळांच्या नक्षीचा, आणि रंगानं तपकिरी नव्हेच. हिरवट राखाडी. माझी सात नंबरची पट्टी जवळपास जुळली: रॉ अंबर तीन भाग, पेन्स ग्रे एक, पांढरा एक, पिवडी चिमूटभर. मी वर्षानुवर्षं फासत आलेला चॉकलेटी तपकिरी अख्ख्या खाडीत कुठंही दिसला नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी एवढा फेरा सार्थकी लागला. खेकड्यांच्या बिळांभोवती जी माती उकरून टाकलेली असते ती आजूबाजूच्या चिखलाहून कितीतरी काळी आहे. कोणाचा तरी पाय रुतून निघाला होता, त्या खड्ड्याच्या आतही काळं. कारण वरचा हवा लागणारा थर पातळ असतो. त्याखाली हवा पोचत नाही, तिथं लोह आणि गंधक यांचं काळं संयुग तयार होतं, आणि खाडीचा तो ओळखीचा वासही तिथूनच येतो. म्हणजे माझ्या बेसवर जिथं जिथं चिखल उकरला गेला आहे तिथं तिथं रंग काळा हवा: बिळं, पावलं, होडी ओढल्याचा चर.

अंधार पडेपर्यंत थांबले. निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) शेवटपर्यंत उड्या मारत होत्या.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर रात्री बेसचा सांगाडा कापला. खाली १२ मिलिमीटरचं प्लायवुड, वर नव्या फ्रिजबरोबर आलेला पॅकिंगचा थर्माकोल, थरांत कापून फेविकॉलनं चिकटवला. कडेला चारी बाजूंनी पातळ लाकडी पट्टी. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. थर्माकोल कुठंही उघडा राहता कामा नये, एवढंच ध्यानात ठेवायचं. पुढं टर्पेंटाइन वापरायचं आहे आणि उघडा थर्माकोल त्यानं खाल्ला जातो. दोन हात फेविकॉल-पाण्याचे, वर टिश्यू पेपर.

शनिवार, १८ जानेवारी

चिखलासाठी काय वापरायचं यावर बराच विचार केला. भिंतीची पुट्टी फार पांढरी आणि कणीदार. प्लास्टर झटकन आवळतं, हाताला वेळ देत नाही. घरात शाडू होता. सप्टेंबरात आम्ही गणपतीचं विसर्जन घरीच बादलीत केलं, ती माती गाळून, वाळवून डब्यात ठेवलेली. वापरू का, असं आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “एरवी खाडीलाच गेली असती ना ती. मग जाऊ दे खाडीला.”

मिश्रण असं: शाडू चार भाग, फेविकॉल एक भाग, चहाच्या गाळणीतून काढलेली बारीक वाळू अर्धा भाग, आणि त्यातच राखाडी अ‍ॅक्रिलिक रंग. रंग आतपर्यंत मुरलेला असला की पुढं टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. चार ते पाच मिलिमीटरचा थर दिला. खालच्या भागात बोट पाण्यात बुडवून वरून खाली, पाणी ज्या वाटेनं उतरेल त्याच वाटेनं फिरवलं. ओहळाची वाट मधोमध सोडली, दोन वळणं देऊन. सरळ ओहळ मी खाडीत पाहिला नाही.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी उठून पाहिलं तर सगळा बेस भेगाळला होता.

वाळताना शाडू आवळतो हे मला माहीत असायला हवं होतं, लहानपणापासून पाहते आहे. थर जाड दिला आणि रात्रभर पंखा चालू राहिला. कामावर जाताना मन खट्टू होतं. घणसोलीपर्यंत डोक्यात एकच: सगळं खरवडायचं आणि पुन्हा लावायचं.

संध्याकाळी शांतपणे पाहिलं तेव्हा लक्षात आलं की अर्ध्या भेगा बरोबर जागी आहेत. उधाणाच्या रेघेखालच्या पट्ट्यात त्या हव्याच होत्या. मी त्या नंतर सुईनं कोरणार होते, आणि कोरलेल्या भेगा कधीच इतक्या खऱ्या येत नाहीत. खऱ्या भेगेच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात, तुकडे पाच-सहा कोनांचे आणि आकारानं कमीजास्त असतात. मोजून पाहिलं: बेसवरचे तुकडे ४ ते ६ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या मापात १४ ते २१ सेंटीमीटर. जेट्टीजवळ मी टिपून आणलेलं माप वीतभर. जुळतं आहे.

खोटी होती ती खालची अर्धी. रोज दोनदा पाण्याखाली जाणारा चिखल भेगाळत नाही, त्याला वाळायला सवडच नसते. तिथं पातळ मिश्रण, या वेळी वाळू जास्त आणि शाडू कमी, ब्रशनं भरलं. एक मिलिमीटरचे तीन थर, प्रत्येक थर ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवून. सीमेवर, जिथं भांगाची भरती पोचते न पोचते, तिथं भेगा अर्ध्या बुजवल्या. तो अडीच सेंटीमीटरचा पट्टा मला अख्ख्या बेसमध्ये सगळ्यात आवडतो.

रविवार, २६ जानेवारी

बाबा आले. टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग बांधाच्या पायथ्याकडे बोट केलं. “बाय, इथं दगड हवेत. नुसती माती लाटेनं खाल्ली असती.” बांधाच्या तोंडाशी काळा दगड रचत, सांध्यांत चिखल भरत. आतलं पाणी बाहेर सोडायला उघाडी असे, लाकडी झडपेची. ओहोटीला आतलं पाणी तिच्यातून बाहेर जाई, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटे. खारं पाणी आत शिरलं तर भात गेला. शेतावरचं सगळ्यात महत्त्वाचं लाकूड तेच, असं बाबा म्हणाले.

उघाडी माझ्या आराखड्यात नव्हती. आता आहे, आणि ओहळाची वाट तिच्याच तोंडातून निघायला हवी. आधीच्या वाटेचं वरचं वळण बुजवलं आणि उजवीकडे सरकवलं. मनातल्या मनात मी ती वाट शोभेसाठी काढली होती. ओहळाला उगम लागतो हे बाबांनी एका वाक्यात दाखवलं.

दगड म्हणजे इथला बेसाल्ट, पारसिकच्या डोंगराचा असतो तसा. जुन्या फोमचे तुकडे मोडून केले, कापून नाही. कापलेल्या फोमला सुरीचा सपाटपणा राहतो, मोडलेल्याला दगडाचा पोत येतो. सगळ्यावर गडद तपकिरी-काळा प्रायमर, ब्रशनं. स्प्रेमधला द्रव एखाद्या फटीतून थर्माकोलपर्यंत पोचला तर आत पोकळी पडेल, ती भीती नको.

शनिवार, १ फेब्रुवारी

रंगाचा पहिला पूर्ण दिवस. खिडकीतल्या उजेडात, सकाळी नऊ ते दुपारी दोन.

पाच पट्टे, वरून खाली. मुरुमाला गेरू आणि पिवडी, दोन्ही किराणा दुकानातली, मॅट अ‍ॅक्रिलिक माध्यमात कालवून. रांगोळीच्या आणि सारवणाच्या दिवसांपासून हे रंग आपल्या घरांत आहेत आणि कोकणच्या मातीला त्यांच्याइतकं जवळ जाणारं काही बाटलीत मिळालं नाही. भेगाळ पट्ट्याला सात नंबरचं मिश्रण, त्यात दुप्पट पांढरा. मधल्या पट्ट्याला सात नंबर जसंच्या तसं. खालच्याला त्यात आणखी पेन्स ग्रे आणि ऑलिव्ह हिरव्याचा एक थेंब. ओहळाच्या तळाला जवळपास काळा.

सगळे रंग मूळ पट्टीपेक्षा किंचित उजळ ठेवले आहेत. लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो जड आणि अंधारा दिसतो.

दोन पट्टे एकमेकांत मिसळताना ब्रश आडवा फिरवला नाही. पाणी चढतं-उतरतं ते सरळ रेषेत चढत नाही, खळग्यांत जीभ घालत चढतं. म्हणून गडद रंग खळग्यांतून वर ओढला आणि उंचवट्यांवर फिका खाली आणला.

ड्रायब्रश फक्त वरच्या दोन पट्ट्यांवर. खाली सवयीनं दोनदा ब्रश फिरला आणि क्षणात तो भाग कोरडा ठणठणीत दिसायला लागला. ओल्या मातीच्या कडा उजळ नसतात. कणांमधल्या फटींत हवेच्या जागी पाणी बसलं की प्रकाश चटकन बाहेर परतत नाही, आत घुटमळतो, शोषला जातो, आणि माती गडद दिसते. तिला उजेड मिळतो तो चकाकीतून. ते दोन फटकारे पातळ रंगानं पुन्हा झाकले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रात्री तासभर. उघाडीची झडप आणि चौकट, आगकाडीच्या लाकडातून. झडपेची खालची बाजू काळी, मधे हिरवट, वर करडी. इथंही पाण्याचाच हिशोब.

रविवार, ९ फेब्रुवारी

आठ तास श्वसनमुळं लावली. पाठ अवघडली आहे पण मन फार भरलेलं आहे.

तिवराची ही मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, वीतभर उंच. खालच्या चिखलात हवा नाही म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेतं. १:३५ मध्ये त्यांची उंची ४ ते ६ मिलिमीटर आणि जाडी ०.३ मिलिमीटर. कपडे घासायच्या ब्रशचे नायलॉनचे तंतू मापाला अचूक बसले. हातानं फिरवायच्या ड्रिलनं ०.४ मिलिमीटरचं भोक, तंतूच्या टोकाला फेविकॉलचा ठिपका, चिमट्यानं आत.

पहिली साठ-सत्तर मी जिथं जागा दिसेल तिथं लावली आणि ते एखाद्या झिजलेल्या ब्रशसारखं दिसू लागलं. मग जेट्टीवरचे फोटो काढून पाहिले. मुळं विखुरलेली नसतात. खोडापासून आडवी मुळं जमिनीखालून चहूकडे जातात आणि त्यांच्यावरून ही वर येतात, म्हणून ती खोडापासून निघणाऱ्या रांगांत असतात. रांगा मधे तुटतात, एकमेकींना छेदतात, पण रांगाच असतात. सगळी उपटली. सुईनं चिखलावर दोन्ही झाडांपासून किरणांसारख्या पुसट रेघा ओढल्या आणि त्या रेघांवर भोकं पाडली. खोडाजवळ दाट, दूर विरळ.

आज ३१० झाली. एका खऱ्या मोठ्या झाडाला ती हजारोंनी असतात. एवढ्या जागेत मी सहाशेवर थांबेन.

२०२० साली महाराष्ट्रानं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून पांढऱ्या चिपीला मान दिला. तिची श्वसनमुळं जाड, शंकूसारखी असतात. ती इथं लावायचा मोह झाला होता, कारण लहान मापात ती करायला कितीतरी सोपी. पण या काठावर तिवरांचंच राज्य आहे, तिथं तडजोड नको.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुळं ६१८. दोन्ही तिवरं उभी राहिली: खोड तांब्याच्या तारेचं, वर एम-सीलचा लेप, पानं रंगवलेल्या कागदाची. पान वरून गडद हिरवं आणि खालून चंदेरी करडं, कागदाच्या दोन्ही बाजू म्हणूनच वेगळ्या रंगवल्या.

आज तैलरंग. ट्यूबमधून काढून तासभर पुठ्ठ्यावर ठेवले. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर भेगांच्या टोकाला नुसता टेकवला की स्वतःहून भेगेत धावतो. ते बघत बसावंसं वाटतं. लेक शेजारी बसून तेच करत होती, तिच्या हातून झालेल्या भेगा माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.

दगडांवर तीन थर. पायथ्याला शेवाळ, ऑलिव्ह आणि पिवडीचं. मधे कालवं. वर कोरडा काळा दगड, पावसाच्या फिकट ओघळांसह. कालवांसाठी अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून, खलबत्त्यात कुटली आणि गाळून दीड मिलिमीटरच्या आसपासचे तुकडे घेतले. पाच सेंटीमीटरचं कालव या मापात तेवढंच होतं. ती फक्त दगडांवर, आणि रोजच्या भरतीच्या उंचीवरच. ती वरची कड अगदी आडवी, समपातळीत असली पाहिजे, कारण पाण्याची पातळी सगळीकडे एकच असते. बेसच्या चारी कोपऱ्यांपासून उंची मोजून दोरा ताणला आणि त्याच्या वर एकही तुकडा जाऊ दिला नाही. उघाडीवरची हिरवी रेघ, मुळांवरचा गाळाचा डाग, होडीच्या अंगावर येणारी रेघ, सगळी त्याच दोऱ्यावरून. अशी एक जरी रेघ वरखाली झाली तरी बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

मॅट वॉर्निशचा हात दिला आणि खालचा सगळा चिखल पांढुरका पडला, साय धरल्यासारखा. बाटली पुरेशी हलवली नव्हती. मॅटपणा आणणारी भुकटी तळाशी बसते आणि शेवटच्या थेंबांत एकदम येते. एका कोपऱ्यात चकाकीच्या वॉर्निशचा पातळ हात देऊन पाहिला, पांढुरकेपणा गेला. नाहीतरी तिथं चकाकीच हवी आहे. वरच्या पट्ट्यात साय धरली नाही, तिथं बाटलीचा वरचा भाग लागला होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी चौकातली मिरवणूक पाहून आल्यावर बसले.

कोरडी भुकटी: भेगांच्या कडांना चुन्याची पूड, पण फार थोडी. मीठ पांढऱ्या रेघेसारखं दिसत नाही, कडेवर धरलेल्या पुसट राखेसारखं दिसतं. आधी जास्त पडली, मऊ ब्रशनं निम्म्याहून अधिक झटकली. बांधाच्या माथ्यावर गेरूची पूड, आणि मधोमध पायवाट, जिथं गवत नाही आणि माती चेपून फिकी झाली आहे. उधाणाच्या रेघेवर पेंढ्याचे तुकडे, काथ्याच्या सोडणांच्या दोन गाठी आणि तिवराची पिवळी पानं. प्लास्टिक नाही. आजच्या किनाऱ्याचा बेस करेन तेव्हा ते ठेवावंच लागेल, तेवढाच खरेपणा तिथंही हवा.

मग बिळं. सुईच्या टोकानं सत्तरएक भोकं, प्रत्येकाभोवती काळ्या पेस्टलच्या भुकटीचे कण. काळा रंग इथं पडल्यावर बाकीचा चिखल अचानक हिरवट दिसायला लागला. शेजारी काय आहे यावर रंग ठरतो हे पुन्हा एकदा दिसलं.

शेवटी चकाकी, खालून वर कमी होत जाणारी. ओहळाजवळ पूर्ण चकाकी, मधे अर्धी चकाकी आणि अर्धं मॅट मिसळून, भांगाच्या रेघेपाशी फक्त खळग्यांत थेंब थेंब, वर काहीच नाही. पाणी आत्ताच उतरलं आहे आणि वरून खाली सुकत येतं आहे, ते या चकाकीशिवाय सांगता येत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

ओहळातलं पाणी. रेझिन ओतणार होते, पण ते कडेच्या मुळांवर चढतं आणि प्रत्येक मुळाशी काचेची टेकडी करून ठेवतं. म्हणून चकाकीचं घट्ट जेल, दोन पातळ थर, मधे एक रात्र. जेलमध्ये तळाच्या रंगाचा एक ठिपका, कारण खाडीचं पाणी गाळानं भरलेलं असतं, तळ दिसत नाही.

होडी पूर्ण झाली. खालून डांबराचा काळा, वर विटलेला निळा. निळ्याखाली हेअरस्प्रेचा थर होता, तो ओल्या ब्रशनं घासून जिथं वल्हं आणि दोर घासतात तिथलाच रंग काढला. एका कुशीवर कलंडलेली ठेवली, मागं ओढल्याचा काळा चर आणि दोन अनवाणी माणसांच्या पावलांचे खड्डे.

लेकीनं फ्लेमिंगो मागितले होते. रंगवून पाहिला एक, अडीच सेंटीमीटरचा. ठेवताच नजर थेट त्याच्याकडे गेली आणि चिखल दिसेनासा झाला. तो आता तिच्या टेबलावर आहे. बेसवर एक बगळा आणि तीन मिलिमीटरच्या चार निवट्या.

शनिवार, १ मार्च

बाबांना दाखवला. चष्मा पुसून खाली वाकून, डोळे बेसच्या पातळीला आणून पाहिला. ओहळातून नजर उघाडीपर्यंत नेली. कालवांच्या रेघेवर बोट हवेत फिरवलं, टेकवलं नाही. मग विचारलं, “भांग इथवर?” मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली.

मग बांधाच्या माथ्याकडे पाहत म्हणाले की हा फार सारखा आहे. बांध असा कधीच नसे. पावसाळ्यातल्या उधाणाला कुठं ना कुठं खांड पडायची, मग अख्खं गाव ओहोटीच्या मधल्या सहा तासांत चिखलाचे गोळे हातोहात देत ती बुजवायचं. बुजवलेली जागा पुढं वर्षभर ओळखू यायची. माती बाहेरच्या खाजणातली, म्हणून मुरुमाच्या लालात काळपट ठिगळ. गवत नाही. आणि नवी माती दबते म्हणून जरा खाली बसलेली. त्यांच्या आठवणीतली खांड उघाडीच्या डावीकडे होती, आजोबांच्या शेतासमोर.

ते गेल्यावर गेरूचा थर तिथं ओलसर करून खरवडला, माथा २ मिलिमीटर उतरवला, म्हणजे खऱ्या मापात ७ सेंटीमीटर. वरचं गवत चिमट्यानं उपटलं. डब्यात शाडू थोडा उरला होता. त्यात काळा आणि सात नंबर मिसळून लहान लहान गोळे केले आणि बोटानं दाबत एकावर एक बसवले, हाताचे ठसे राहू दिले. पायवाट ठिगळावरून नेली, कारण माणसं दुसऱ्या दिवसापासून त्यावरून चालत असणार.

डाव्या कडेपासून ९ सेंटीमीटरवर, चार सेंटीमीटर रुंद. आत्ता ओली आहे म्हणून फार गडद दिसते. वर ओलं फडकं टाकलं आहे, भेग पडू नये म्हणून.